बिनआवाजाची नोकरी

स्वरूपा पाटणकरचा आवाज गेला तेव्हा ती एका गृहस्थांना इंटरनेटचा डबा बंद करून पुन्हा चालू करायला सांगत होती. हे वाक्य ती रोज इतक्या वेळा म्हणायची की तोंड आपोआप चालायचं आणि मन दुसरीकडे भटकून यायचं. त्या दिवशी तोंड हललं, पण त्यातून नुसती हवा आली. पलीकडचे गृहस्थ "हॅलो? हॅलो, मॅडम?" करत राहिले, मग वैतागून त्यांनी फोन ठेवला. स्वरूपा घोटभर पाणी प्यायली, तिने घसा खाकरला, पुढचा कॉल घेतला. पुन्हा हवाच. शेजारी बसणारी अनुष्का हेडफोन बाजूला सारून तिच्याकडे बघायला लागली. "क्या हुआ यार? बोल ना!"

नोएडातल्या त्या कॉल सेंटरमध्ये स्वरूपाने कॉलेज सुटल्यापासूनची सगळी वर्षं काढली होती. नवीन मुलं कामावर आली की त्यांना तिचे कॉल ऐकवत. चिडलेला माणूस तिच्याशी बोलता बोलता निवळत जायचा, आणि शेवटी स्वतःच "सॉरी बेटा" म्हणायचा. आपल्याजवळ दुसरं काही नसलं तरी आवाज आहे, असं ती मनाशी धरून होती. त्यामुळे डॉक्टरांनी घशात नळी घालून आतलं चित्र पडद्यावर दाखवलं, तेव्हा ते आपलंच आहे हे तिला काही केल्या पटेना. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना बारीक गाठी आल्या होत्या. घाबरण्यासारखं काही नाही, पण काही आठवडे अगदी मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही. त्यानंतर आवाजाचे व्यायाम. आणि दिवसभर बोलण्याचं काम? डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "वो अब भूल जाइए."

घरी आल्यावर तिने मोबाइलवर टाइप करून आईबाबांना दाखवलं, 'गळा बसलाय. डॉक्टर म्हणतात बोलायचं नाही.'

बाबांनी चष्मा वर करून वाचलं. "गळा नाही गं, घसा. घसा बसतो," ते म्हणाले, आणि मग काय वाचलं ते उमगल्यासारखे खुर्चीत बसले.

बाबा, म्हणजे मुरलीधर पाटणकर, सरकारी नोकरीसाठी ऐन तरुणपणी दिल्लीत आले, ते इथलेच झाले. आधी आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, मग निवृत्तीच्या सुमाराला मयूर विहारच्या सोसायटीतला हा फ्लॅट. एकदा चिकटलं की माणूस निवृत्तीलाच बाहेर पडतो, एवढी एकच नोकरीची पद्धत त्यांना माहीत होती. कंपनीने स्वरूपाला सांगितलं की बिनबोलण्याच्या कामात सध्या जागा नाही, आणि तिने राजीनामा दिला, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कॉम्प्युटरचा एखादा कोर्स कर. आजकाल सगळं त्यातच आहे."

सल्ल्यांची सुरुवात झाली ती इथून.

बोलणाऱ्या माणसाला लोक सल्ला देतात तेव्हा तो मध्ये "पण" म्हणू शकतो. स्वरूपाला ती सोय नव्हती. ती 'पण' टाइप करेपर्यंत समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असायचा. रविवारी उन्मेषदादा गुरुग्रामहून आला. हा तिचा मावसभाऊ, मोठ्या कंपनीत कामाला. सोफ्यावर बसल्या बसल्याच त्याने निकाल दिला.

"क्लाउड. डोळे झाकून क्लाउड. आता कुणी स्वतःचे सर्व्हर ठेवत नाही, सगळं भाड्याने. तू पहिलं सर्टिफिकेट कर, सोपं असतं. मग दुसरं. मग बघ."

'दुसऱ्यानंतर नोकरी लागते?' तिने टाइप केलं.

"अगं, लागेलच ना! म्हणजे, आधी थोडा एक्स्पीरियन्स लागतो."

'तो कुठून आणायचा?'

"नोकरीतून," उन्मेष म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने पोह्यांची बशी उचलली. "म्हणजे असं कर, आधी हेल्प डेस्कला लाग. सगळे तिथूनच सुरू करतात. लोकांचे फोन घ्यायचे, कॉम्प्युटर बिघडला की..."

स्वरूपाची आई, साधनाताई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अरे, तिला फोनच घ्यायचे नाहीत ना?"

"हां, ते आहेच," उन्मेष म्हणाला. "मग क्लाउडच."

अनुष्काचं मत वेगळं होतं. ती रोज व्हिडिओ पाठवायची. एकात एक तरुण काळी टोपी घालून सांगायचा की सायबर सिक्युरिटीत माणसंच मिळत नाहीत, सहा महिन्यांत आयुष्य बदलतं. दुसऱ्यात एक मुलगी सांगायची की डेटा शिकला नाहीत तर संपलात. तिसऱ्यात कुणी म्हणायचा की क्लाउड, सायबर, डेटा सगळं विसरा, आधी नेटवर्किंगचा पाया घाला. चौथा गृहस्थ पाटीवर मोठी फुली मारून म्हणायचा, सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद, काही उपयोग नाही. त्याच व्हिडिओच्या खाली त्याच्या स्वतःच्या कोर्सची जाहिरात होती. स्वरूपा हे सगळं शेवटपर्यंत बघायची. प्रत्येक माणूस बोलत असताना तिला तो पटायचा. पडदा बंद केला की डोक्यात सगळ्यांचा एकच काला व्हायचा.

नोकरीच्या जाहिराती वाचायला लागली तर आणखीनच पंचाईत. वर लिहिलेलं असायचं 'नवशिक्यांसाठी', आणि खाली 'दोन वर्षांचा अनुभव आवश्यक'. पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याच वाचण्यात चूक होतेय.

शेवटी ती लक्ष्मीनगरच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेली. मेट्रोतून उतरल्यापासून क्लासच्या पाट्यांनी रस्ता झाकून गेलेला. सीएचे, बँकेचे, कॉम्प्युटरचे. आत एक चटपटीत मुलगी बसली होती. स्वरूपाने मोबाइल पुढे केला. 'मैं बोल नहीं सकती. प्लीज़ बताइए, मेरे लिए कौन सा कोर्स ठीक रहेगा?'

ती मुलगी गोड हसली. "बिल्कुल मॅम! फ्यूचर तो क्लाउड ही है. आप ग्रॅज्युएट हैं ना? बस. साथ में सायबर का कॉम्बो भी है."

स्वरूपा टाइप करायला लागली, 'इसमें रोज़ का काम क्या होता है?' पण तेवढ्यात त्या मुलीने सकाळची बॅच की संध्याकाळची हे विचारलं, उत्तराची वाट न बघता सकाळची लिहिली, आणि ओळखपत्रासाठी तिचा फोटोही काढला. गप्प माणूस म्हणजे होकार देणारा माणूस, असा तिथला हिशोब असावा. स्वरूपा बाहेर रस्त्यावर आली तेव्हा ती क्लाउडची विद्यार्थिनी झालेली होती. आनंद झालाय की आपण फसलोय, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

वर्गात सगळी बावीस-तेवीसची पोरं. तिला "दीदी" म्हणायची. शिकवणारे सर वाईट नव्हते, पण त्यांची गाडी फार भरधाव होती. सर्व्हर कुठे ठेवायचा, त्याच्याभोवती कुंपण कसं घालायचं, कोणाला आत सोडायचं. स्वरूपा सगळं लिहून घ्यायची. शब्द पाठ झाले, पण ते कशाचे शब्द आहेत हे कळेना. कधीच न पाहिलेल्या घराचा नकाशा पाठ करावा तसं ते होतं. दार इथे, खिडकी तिथे. पण आत राहतं कोण आणि सकाळी उठून करतं काय?

घरी ती क्लाउडचा अभ्यास करायची, आणि डोकं थकलं की विरंगुळा म्हणून नेटवर्किंगचे व्हिडिओ लावायची. मग वाटायचं, हेच तर आधी करायला हवं होतं. आई चहा ठेवून जायची आणि दारातून वळून बघायची. मुलगी गप्प, आणि मुलीच्या मोबाइलमधून मात्र अखंड कुणी ना कुणी बोलतंय. डॉक्टरांनी थोडं बोलायला परवानगी दिल्यावर स्वरूपाचा पहिला घोगरा शब्द आईला ऐकू आला तो होता, "बंद!" ती मोबाइलवर ओरडली होती.

पहिल्या सर्टिफिकेटची परीक्षा तिने दिली. सोपं असतं, असं उन्मेषदादा म्हणाला होता. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. नापास. थोडक्यात नव्हे, चांगलीच. केंद्रातून बाहेर पडून ती मेट्रोच्या पायऱ्यांवर बसून राहिली. रडू येत होतं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की रडल्याने घशावर ताण येतो, म्हणून तेही आवरलं. आपण मठ्ठ आहोत का? की हे आपलं नाहीच? की दोन महिने अजून केलं तर जमेल? यातलं कुठलं खरं, ते कुणाला विचारायचं हेही तिला उमजत नव्हतं.

घरी निकाल कळला. बाबांनी नुसता टीव्हीचा आवाज कमी केला. उन्मेषला मात्र कळवावं लागलं. तो पुन्हा आला आणि म्हणाला, "एकदा नापास तर सगळेच होतात. परत बस."

स्वरूपाने या वेळी मोबाइल उचलला नाही. हळू, तुटक आवाजात तिने विचारलं, "दादा, तू सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिलं काय करतोस?"

"म्हणजे?"

"म्हणजे, बॅग ठेवलीस. बसलास. मग काय?"

उन्मेष बोटांवर मोजायला लागला. "मीटिंग असते. सगळ्यांनी काल काय केलं ते सांगायचं."

"मग?"

"मग दुसरी मीटिंग. मग क्लायंटचा कॉल. तो लांबतो. जेवण. मग... परत एक कॉल." एका हाताची बोटं संपली. "काम संध्याकाळी होतं. जमलं तर."

"म्हणजे तू दिवसभर बोलतोस," स्वरूपा म्हणाली.

साधनाताई खुदकन हसल्या. उन्मेषने आधी मावशीकडे आणि मग स्वरूपाकडे पाहिलं, आणि तोही हसला. "च्यायला. बोलतोच की."

त्या दिवशी स्वरूपाच्या मनात पहिल्यांदा एक गोष्ट जागेवर बसली. कुठला कोर्स, हे तिने आजवर सगळ्यांना विचारलं होतं. तुमचा दिवस कसा जातो, हे कुणालाच नाही. पुढचे काही आठवडे तिने तेवढंच विचारलं. सोसायटीतल्या सायबर सिक्युरिटीवाल्या मुलाने सांगितलं की त्याची पाळी रात्रीची असते, पडद्यावर धोक्याचे इशारे येतात, त्यातले बहुतेक खोटे निघतात. डेटाचं काम करणाऱ्या अनुष्काच्या वहिनीने सांगितलं की ती दिवसभर लोकांनी चुकीचे भरलेले तक्ते साफ करते आणि शेवटी त्यावर तासभर भाषण देते. भाषण म्हटल्यावर स्वरूपाने तोही मार्ग सोडला. गोंधळ मात्र कमी झाला नाही. आधी तिला कुठली वाट घ्यावी हे कळत नव्हतं, आता प्रत्येक वाटेवरचे खड्डेही दिसायला लागले होते.

देवयानी भेटली ती गणपतीच्या तयारीत. सोसायटीतल्या मराठी कुटुंबांचा गणपती बसायचा, आणि मखराला कागद चिकटवायला दोघी एका बाजूला आल्या. देवयानी पुण्याची, नवऱ्याच्या बदलीमुळे दिल्लीत आलेली, घरूनच काम करणारी. स्वरूपाने तिलाही तोच प्रश्न विचारला.

"मी टेस्टर आहे," देवयानी म्हणाली. "दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून बघते. आणि कसं मोडलं ते लिहून पाठवते."

"फोनवर?"

"नाही गं, लिहून. बोललेलं कुणी ऐकत नाही." ती डिंकाचे हात पुसत म्हणाली, "ये ना परवा. बस माझ्याजवळ. बघ तरी."

स्वरूपा गेली. देवयानीने तिला कॉम्प्युटरवर सरावासाठी असतं तसं एक खोटं ऑनलाइन दुकान उघडून दिलं, ज्यात काहीही खरेदी केलं तरी घरी काही येत नाही. "हे बिघडव," ती म्हणाली आणि स्वतःच्या कामाला लागली.

आधी स्वरूपाला काही सुचेना. सगळं व्यवस्थित चालत होतं. मग तिला फोनवरची माणसं आठवायला लागली. मोबाइल नंबर सांगताना पुढे शून्य लावणारे काका. बटण दाबलं आणि लगेच काही झालं नाही की धपाधप दाबत सुटणाऱ्या बाई. पत्त्याच्या रकान्यात 'मंदिर के पीछे, पूछ लेना' लिहिणारे. अर्ध्यात चहा करायला उठून तासाने परत येणारे. तिने त्या एकेकासारखं वागून पाहिलं. शून्य लावल्यावर दुकान रुसलं, पुढे सरकेना. बटण धपाधप दाबल्यावर एकाच साडीच्या चार ऑर्डर गेल्या. ती घोगऱ्या आवाजात एकटीच हसली.

देवयानी वळली. "काय झालं?"

"चार साड्या आल्या. आणि नंबराआधी शून्य लावलं की पुढेच जात नाही."

देवयानीने बघितलं. "हां, ही चूक मुद्दाम ठेवलेली आहे. सगळ्यांना सापडते," ती म्हणाली. स्वरूपाचं तोंड उतरलं, तशी ती पुढे म्हणाली, "पण शून्याची मला माहीत नव्हती. आता लिही. काय केलंस, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. एवढंच. 'दुकान वाईट आहे' असं लिहू नकोस."

स्वरूपाने लिहिलं. देवयानीने ते तीनदा परत लिहायला लावलं. बाहेर दिवे लागले तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की चहा प्यायचा राहिलाय.

"आवडलं?" देवयानीने विचारलं.

"माहीत नाही," स्वरूपा खरं ते बोलली. "पण पुढे काय करू हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आज दिवसभर."

देवयानीने तिला भुलवलं मात्र नाही. हाताने तपासणाऱ्यांची कामं कमी होतायत, आता मशीनच मशीनला तपासतं, पुढे कोड लिहायला शिकावंच लागेल, हे तिने स्पष्ट सांगितलं. पायाभूत परीक्षा आहे एक, ती दे, पण तिच्या जोरावर कुणी हार घेऊन दारात उभं राहणार नाही. ते ऐकून स्वरूपा पुन्हा चक्रावली. ही वाट सुरू होते न होते, तोच बंदही व्हायची? घरी जाऊन तिने क्लाउडचं पुस्तक पुन्हा उघडलं, दोन पानं वाचली, आणि ठेवून दिलं.

टेस्टिंगची परीक्षा ती पास झाली. लगेच काही घडलं नाही. अर्जांना उत्तरं येत नव्हती, आली तर ठरावीक साच्यातली. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी तिचा आवाज ऐकून "आपको ज़ुकाम है क्या?" विचारलं, आणि खरं कारण सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा काही सावध झाला की निकाल तिथेच कळला. दुसऱ्या ठिकाणी तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुलाने विचारलं, "इतकी वर्षं कॉल सेंटर, आणि आता हे? कन्फ्यूज़्ड वाटत नाही?" ती "हो, वाटतं" म्हणाली. ते उत्तर द्यायचं नसतं, असं उन्मेषदादाने नंतर समजावलं.

जी नोकरी मिळाली ती अर्धीमुर्धी होती. शाळेच्या बस कुठवर आल्या हे पालकांना मोबाइलवर दाखवणारी, नोएडातली एक लहानशी कंपनी. अर्धा दिवस पालकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं द्यायची, उरलेला अर्धा नवीन काम तपासायचं. हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की आईला ते शेजारी सांगता येईना. ही आयटीतली नोकरी म्हणायची की पुन्हा तेच गिऱ्हाइकांचं काम, फक्त मुक्याने? स्वरूपालाही सांगता आलं नसतं. उन्मेषदादा म्हणाला, "सुरुवात म्हणून ठीक." अनुष्का म्हणाली, "वाह यार, सही है!" आणि त्याच दमात एआयचा नवा व्हिडिओ पाठवला. बाबा म्हणाले, "कायम करतील ना?"

लागून महिनाही झाला नसेल, तेव्हा तिला एक खोट सापडली. आईवडील वेगळे राहत असतील आणि मूल काही दिवस एकीकडे, काही दिवस दुसरीकडे जात असेल, तर अॅपमध्ये दुसरा थांबा घालताच पहिला आपोआप पुसला जायचा. एका आईच्या तक्रारीवरून तिला संशय आला होता. मुलगा बसमधून उतरून चुकीच्या गेटवर उभा राहिला होता. तिने स्वतः करून पाहिलं, पुन्हा करून पाहिलं, आणि लिहिलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

संध्याकाळपर्यंत तिची नोंद बंद झालेली होती. कोड लिहिणाऱ्या प्रसन्नने खाली एक ओळ टाकली होती, की दोन थांबे कुणी ठेवत नाही.

स्वरूपाने ती ओळ पुन्हा वाचली. हा मुलगा चार वर्षं हेच करतोय. आपण कालपरवा आलेलो. कदाचित त्याचंच बरोबर असेल. कदाचित हे आपल्या कामात बसतच नसेल, आपण अजून फोनवरच्या बाईचं मन घेऊन बसलोय. तिला खरंच कळेना. मग तिने त्या आईची तक्रार पुन्हा काढून वाचली, ती नोंदीला जोडली, आणि नोंद परत उघडली.

प्रसन्न तिच्या टेबलाशी आला. "अहो मॅडम, अशा केसेस किती असणार?"

"माहीत नाही," स्वरूपा म्हणाली. आवाज मध्येच फाटला, तिने पाण्याचा घोट घेतला. "पण एक तर आहे. बसा, दाखवते."

तो बसला. तिने दोनदा दाखवलं. त्याने डोकं खाजवलं, "सोमवारी बघतो" म्हणाला, आणि सोमवारी नाही पण त्या आठवड्यात त्याने ते दुरुस्त केलं. पहिला थांबा आता पुसला जात नव्हता. दुसरा मात्र कधीकधी दोनदा दिसायचा. स्वरूपाने तेही लिहून पाठवलं.

देवयानीने सांगितलेला कोडचा अभ्यास तिने सुरू केलाय, मध्ये सोडलाय, पुन्हा सुरू केलाय. पुढची परीक्षा कुठली द्यायची, हे अजून ठरलेलं नाही. उन्मेषदादा अजून क्लाउडवरच आहे. परवा त्याने फोन करून विचारलं, "मग, पुढचा प्लॅन काय?" स्वरूपा तेव्हा मेट्रोत उभी होती, गर्दीत आवाज चढवायची तिला मनाई आहे. तिने फोन ठेवून त्याला लिहिलं, 'ठरलं की सांगते. तुझा आजचा दिवस कसा गेला?' आणि मयूर विहार आलं तशी ती उतरली.